गाडी पडली नव्हती ना?

९ जानेवारी

प्रिय भाऊजी,
सप्रेम नमस्कार.

तुमचं कार्ड परवा मिळालं. आधी सगळ्यांची खुशाली विचारतो, मग गाडीकडे वळू. तुमचं ब्लडप्रेशर कसं आहे? गोळी वेळेवर घेता की आठवेल तेव्हा? मातोश्रींचा गुडघा काय म्हणतो? त्यांना सांगा, माझा उजवाही तेच म्हणतो, दोघांची एकदा गाठ घालून द्यायला हवी. मांजरीचा डोळा बरा झाला का? आणि माझी धाकटी बहीण, चिमी. तिचं शेवटी विचारतोय, कारण तिथे आलं की माझं पेन पुढे सरकत नाही. उजव्या हाताचा अंगठा हलतो असं लिहिलंत. किती हलतो? नुसता थरथरतो, की तर्जनीला जाऊन टेकतो? पाय अजून ओढते का? नोव्हेंबरात तिला अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून रोज सकाळी मी माझाच उजवा हात उघडून मिटून बघतो. मूर्खपणा आहे, पण बघतो.

माझं म्हणाल तर कान आता पूर्ण गेले. चाळीस वर्षं सायलेन्सरशेजारी बसल्याचं बक्षीस. फोन कानाला लावला की मला माझाच श्वास ऐकू येतो. तेव्हा पत्रच बरं. पत्रापुढे मी बहिरा नाही.

आता गाडी. तुम्ही लिहिता की पहिला गिअर पडतो, दुसरा पडतो, पण दांडा पायाखालून परत आपल्या जागी येत नाही. बुटाच्या टोकाने उचलून आणावा लागतो आणि तोवर मागचा ट्रकवाला तुमचा उद्धार करतो. चिमीला मागे बसवून असं चालवणं धोक्याचं, म्हणून तुम्ही गाडी उभी केलीत. बरोबर केलंत. पण उभी ठेवूनही भागायचं नाही. आठवड्यातून तीनदा, अठरा किलोमीटर, स्वतःच्या कमरेला कापडी पट्ट्याने बांधून तुम्ही तिला व्यायामाच्या केंद्रात नेत होतात. बसची पायरी तिला चढवत नाही, रोज भाड्याची गाडी आपल्याला झेपणारी नाही. आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलंय ते तुम्हीच लिहिलं होतंत. हातात जे परत यायचं ते पहिल्या सहा महिन्यांत येतं, मग दार लागतं. म्हणजे आपल्या हाताशी मे उजाडेपर्यंतचा वेळ. सहातले दोन महिने गेले.

काम असं करा. क्लचची मूठ दाबून बघा, पहिलं बोटभर अंतर ती सैल हलली पाहिजे. नसेल तर वायर ताणून बसली आहे, ती ढिली करा. चेन फार लोंबते का बघा. ऑइल काळं पडलं असेल तर बदला. गिअरच्या दांड्याचा बोल्ट दहाच्या पान्याने आवळा. घाई नाही, एकेक करा आणि प्रत्येक वेळी गिअर टाकून बघा.

आणि एक विचारतो, रागावू नका. गाडी कुठे पडली नव्हती ना? पडली असेल तर बाकीचं वाचू नका, आधी ते लिहा.

तुमचा,
दादा


१८ जानेवारी

ती. दादांस,
साष्टांग नमस्कार.

पत्र मिळालं. खुशाली तुम्ही विचारलीत त्याच क्रमाने कळवतो. ब्लडप्रेशर आहे तसंच. मातोश्रींचा गुडघा म्हणतो की स्थळ चालेल पण मुलगा बहिरा नको. मांजरीचा डोळा उघडला. चिमीचा अंगठा तर्जनीला टेकतो, पण धरून ठेवत नाही. परवा तिने चमचा उचलला, अर्ध्या वाटेत सोडला आणि म्हणाली, "निम्मं अंतर आलं की नाही? उरलेलं उद्या." पाय थोडा सुधारला आहे.

गाडीचं. तुम्ही सांगितलेली सगळी कामं केली. क्लच बोटभर सैल आहे. चेन ठीक. ऑइल बदललं, जुनं डांबरासारखं निघालं. दांड्याचा बोल्ट आवळला. काहीही फरक नाही. दांडा खाली जातो आणि तिथेच बसून राहतो, कचेरीतल्या शिपायासारखा. मी पाणीपुरवठ्यात एकतीस वर्षं खर्डेघाशी करतोय, व्हॉल्व्ह कुठला बंद करायचा ते फोनवर सांगतो, स्वतःच्या हाताने एक नळही कधी बदलला नाही. तरी तुमच्या पत्रावर बोट ठेवून ठेवून सगळं करतो आहे.

गाडी पडलेली नाही.

केंद्रात दोन आठवडे जाणं झालं नाही. चिमी म्हणते, दादाने मनावर घेतलंय म्हणजे चार दिवसांची गोष्ट आहे.

आपला,
भाऊजी


२५ जानेवारी

प्रिय भाऊजी,

पडली नाही हे वाचून बरं वाटलं. म्हणजे दुखणं आतलं आहे.

दांड्याला परत जागेवर आणणारी एक स्प्रिंग असते. केसांच्या चापासारखी, दोन पाय असलेली. तिचे दोन्ही पाय एका खुंटीला मिठी मारून बसतात. ती मोडली किंवा खुंटीवरून निसटली की दांडा अनाथ होतो. माझ्या हातून अशा शंभर स्प्रिंगा गेल्या असतील.

डाव्या बाजूचं, चेनकडचं झाकण उघडा. चार स्क्रू आहेत. जुन्या वर्तमानपत्रावर झाकणाचं चित्र काढा आणि जो स्क्रू जिथून निघेल तिथेच कागदाला टोचून ठेवा. मी कुणाच्या हाताखाली शिकलो नाही, तेव्हा ही युक्ती माझी मीच काढली. पहिलं इंजिन उघडलं तेव्हा बंद करताना सात स्क्रू उरले होते. गाडी चालली बरं का, पण मला आठवडाभर झोप नाही.

झाकणाच्या आत समोरच स्प्रिंग दिसेल. चिमीला शेजारी बसवा, कंदील नाहीतर बॅटरी धरायला सांगा. उजव्या हाताने धरू दे, पडली तर पडली. तेवढाच व्यायाम.

तिला म्हणावं, दादा म्हणतो पुढच्या सोमवारी तू केंद्रात असशील.

दादा


७ फेब्रुवारी

ती. दादांस,
सा. न.

झाकण उघडलं. आत स्प्रिंग नाही. चेनची चक्री आहे, बोटभर चिखल आणि ग्रीस आहे, आणि एक वाळलेला बेडूक होता. गिअरची सळई झाकणातून आरपार इंजिनात शिरते आणि दिसेनाशी होते. चिखल साफ करून पुन्हा बघितलं. मातोश्री म्हणाल्या, "दादांना विचार, बेडकालाच स्प्रिंग म्हणतात का?"

चिमीने बॅटरी धरली. दहा मिनिटं धरली, मग हात आपोआप खाली गेला आणि उजेड माझ्या पायावर. "दिसतंय का?" म्हणाली. मी दिसतंय म्हणालो.

दादा, एक विचारायचं होतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका बाईंचं गॅरेज आहे. वडिलांच्या मागे त्याच चालवतात, सगळे त्यांना पंक्चरवाली म्हणतात, पण इंजिनाचंही काम करतात म्हणे. चिमीचं म्हणणं, एकदा त्यांना दाखवून बघावं. मी म्हटलं, दादांना विचारल्याशिवाय नाही. घरात इतकी वर्षं यंत्राच्या बाबतीत तुमचा शब्द शेवटचा. तुम्ही म्हणाल तसं.

केंद्रातून निरोप आला होता. महिना झाला, बाई का येत नाहीत. गाडी दुरुस्तीला आहे असं कळवलं.

भाऊजी


१४ फेब्रुवारी

प्रिय भाऊजी,

दाखवा की त्या बाईंना. अवश्य दाखवा. त्यांचं गॅरेज तीनशे पावलांवर, मी तीनशे मैलांवर. मी आपला लांबून कागद काळे करणारा म्हातारा. पंक्चर काढता काढता गिअरबॉक्सही कळायला लागला असेल तर चांगलंच आहे. उद्या काही उरलंसुरलं बिघडलं तर मात्र मला विचारू नका.

असो. स्प्रिंग डावीकडे नाही म्हणजे उजवीकडे आहे. या गाडीत कंपनीने ती तिकडे ठेवली असणार. सगळं ऑइल काढा. किकचा दांडा काढा. उजवं झाकण उघडा, आठ-दहा बोल्ट असतील. झाकण चिकटून बसलं तर लाकडी ठोकळ्याने हळू ठोका, पेचकस घालून उचकटू नका, पॅकिंग फाटेल. आत मोठा क्लच दिसेल, वाटीत वाटी घातल्यासारखा. स्प्रिंग त्याच्या मागे. म्हणजे क्लच काढावा लागेल. मधला नट फार घट्ट असतो. तो काढायचं खास अवजार असतं, ते तुमच्याकडे नसणार. छन्नी लावून हातोडीने डावीकडे फिरवा. माझ्याकडे तरी कुठे होतं? सगळं आयुष्य छन्नीवर काढलं.

चिमीच्या हाताबद्दल तुम्ही कमी लिहिता. केंद्रात जाता येत नाही तोवर घरी तिची बोटं तुम्ही सरळ करायची, रोज दोनदा, अर्धा अर्धा तास, असं सांगितलं होतं ना त्यांनी? ते चालू आहे ना?

दादा


५ मार्च

ती. दादांस,
सा. न.

उत्तराला उशीर झाला. काय लिहावं कळत नव्हतं.

पंक्चरवाल्या बाईंकडे गेलो नाही. तुमच्या पत्रातला सूर मला कळला.

उजवं झाकण उघडलं. ठोकळ्याने निघेना, शेवटी पेचकस घातला आणि पॅकिंग फाटलं. क्लच दिसला. मधला नट पाच दिवस निघाला नाही. सहाव्या दिवशी छन्नी सटकली आणि क्लचच्या वाटीचा कडेचा तुकडा उडाला, साधारण नखाएवढा. नट निघाला. मागे स्प्रिंग आहे. दादा, स्प्रिंग शाबूत आहे. मोडलेली नाही, निसटलेली नाही, दोन्ही पाय खुंटीला धरून आहेत, तुम्ही लिहिलंत अगदी तसे. मी तिच्याकडे बराच वेळ बघत बसलो. मग वाटलं, काढून नीट बसवावी, कदाचित सैल झाली असेल. काढताना ती उडाली आणि कपाटाखाली गेली. कपाट हलवून शोधली. तिच्याबरोबरचा एक बारीक वायसर सापडला नाही. तो खोलीत आहे की इंजिनात पडला ते सांगता येत नाही.

गाडी आता बाहेरच्या खोलीत आहे. सुटे भाग सात डब्यांत, डब्यांवर नंबर टाकले आहेत. मातोश्री काल म्हणाल्या, "बायको एका खोलीत मोडलेली, गाडी दुसऱ्या खोलीत मोडलेली, आणि हा दोन्हीकडे पाना घेऊन फिरतोय." चिमी हसली. खूप हसली. मग तिने डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर ठेवला, तिला आताशा तो तसा उचलून ठेवावा लागतो.

बोटांच्या व्यायामाचं विचारलंत. जमेल तसं करतो.

वायसर इंजिनात पडला असेल तर काय करायचं?

भाऊजी


१३ मार्च

प्रिय भाऊजी,

धीर सोडू नका. इंजिन आहे, माणूस नाही, ते वाट बघू शकतं.

तारेला लोहचुंबक बांधून आत फिरवा. वायसर लोखंडी असेल तर चिकटेल. क्लचची वाटी नवी मागवावी लागेल. स्प्रिंग उलटी बसवली गेली तर पहिला गिअरही पडणार नाही, तेव्हा लांब पाय वर. नाही, थांबा. लांब पाय खाली. दोन्ही पाय सारखेच असतील तर प्रश्नच नाही.

स्प्रिंग शाबूत आहे तर दांडा परत का येत नाही, हे मला पत्र वाचल्यापासून सुचत नाही. तीन रात्री विचार केला. तुम्ही सगळं बारकाईने लिहिता, तुमच्या लिहिण्यात चूक नाही. माझ्याच डोक्यात काहीतरी बसत नाही. गिअरच्या मागच्या ताऱ्यासारख्या चकतीचे दात झिजले असतील का? तीही काढून बघा. की नको? जमत असेल तर बघा.

चिमीचा हात उचलून ठेवावा लागतो म्हणजे काय? जानेवारीत चमचा अर्ध्या वाटेपर्यंत आला होता.

लवकर लिहा. पाच दिवस पत्र आलं नाही की मी पोस्टमनच्या मागे लागतो, आणि तो काय उत्तर देतो ते मला ऐकू येत नाही.

दादा


२२ एप्रिल

ती. दादास,
चिमीचा नमस्कार.

हे पत्र डाव्या हाताने लिहितेय. आज चौथा दिवस. अक्षर पहिलीतल्या पोरीसारखं आहे, हसू नकोस.

तुझी दोन पत्रं आली, हे उत्तर देत नाहीत. डबे उघडून बसतात आणि परत बंद करतात. म्हणून मी लिहिते.

दादा, गाडी पडली होती.

तीन जानेवारीला. केंद्राच्या फाटकाशी बारीक खडी होती. गाडी थांबली, यांचा पाय सरकला आणि आम्ही दोघं डाव्या अंगावर. मी पट्ट्याने बांधलेली, त्यामुळे मीही त्यांच्याबरोबर आडवी. कोपर खरचटलं, बाकी काही नाही. फाटकावरच्या माणसाने आम्हाला उचललं, एकच गाठोडं उचलल्यासारखं. मी हसत होते. हे रडत होते. गिअरचा दांडा आत दबला होता तो यांनी दगडाने ठोकून सरळ केला. दिसायला अगदी सरळ.

तुला सांगू नका असं मीच म्हटलं. त्यांच्यावर ढकलू नकोस. तू रागावशील म्हणून नाही. तू पिशवी उचलून इकडे यायला निघाला असतास. आणि तुला हॉर्न ऐकू येत नाही. रस्ता ओलांडताना तू कुठे बघतोस ते मला ठाऊक आहे. मला वाटलं, एवढंसं खोटं. त्याने काय होतंय. तू पत्रात विचारलं होतंस, ते यांनी मला वाचून दाखवलं. मी म्हटलं, नाही लिहा.

मागच्या आठवड्यात मी काठी घेऊन एकटी बाहेर पडले. तीनशे पावलं. अर्धा तास लागला. पंक्चरवालीला घेऊन आले. हे ऑफिसात होते. तिने डबे बघितले नाहीत की क्लच बघितला नाही. गिअरची सळई धरली, जराशी फिरवली आणि म्हणाली, "काकू, गाडी पडली होती का?"

सळई वाकली होती. आतल्या बाजूला, दिसत नाही इतकी. झाकणात घासत होती म्हणून दांडा परत येत नव्हता. एवढंच होतं. ती म्हणाली, पहिल्या दिवशी आणली असती तर सळई बदलून संध्याकाळी नेता आली असती. ती चांगली आहे. चुकलं कुणाचं असं तिने विचारलं नाही.

आता क्लचचं नवं सामान यायला तीन आठवडे.

हाताचं तू सारखं विचारतोस. खरं लिहिते. रोज सकाळी आणि संध्याकाळी अर्धा तास बोटं सरळ करायची होती. तोच वेळ गाडीचा होता. यांचे हात तेलाने माखलेले असायचे. ते म्हणायचे, एवढा एक बोल्ट. मी म्हणायचे, करा. मलाही गाडीच हवी होती. आता बोटं मुठीत वळून बसली आहेत. डाव्या हाताने उघडते, सोडली की परत मिटतात.

यांना काही बोलू नकोस. रोज रात्री जेवताना माझ्या हाताकडे बघतात आणि जेवत नाहीत.

चिमी


१९ मे

ती. दादांस,
सा. न.

चिमीने काय लिहिलं ते मला तिने पत्र टाकल्यावर सांगितलं. त्यामुळे मला वेगळं काही सांगायला उरलं नाही. मी खोटं लिहिलं. चार शब्दांचं वाक्यही नव्हतं ते. "गाडी पडलेली नाही." हिशेबाच्या कागदावर कधी एक आकडा खोटा लिहिला नाही, आणि इथे लिहिला.

गाडी शनिवारी तयार झाली. बाईंनी सळई नवी घातली, क्लच नवा, पॅकिंग नवं. वायसर इंजिनातच होता, तळाशी. गिअर आता इतका हलका पडतो की पाय ठेवला की आपोआप. परत जागेवर येतो, टक् असा आवाज करून.

सोमवारी चिमीला घेऊन केंद्रात गेलो. तिची वेळ दुसऱ्या कुणाला देऊन झाली होती, तरी त्या डॉक्टरीणबाईंनी मधे पाच मिनिटं काढली. त्यांनी तिची बोटं एकेक करून उघडली. प्रत्येक बोट सोडल्यावर थांबून बघितलं. मग मला म्हणाल्या, "आता इथवर यायची गरज नाही. हात आणखी आखडू नये म्हणून घरीच करत राहा." मी विचारलं, किती दिवस. त्या म्हणाल्या, "कायम." चिमीने विचारलं, "जानेवारीत अंगठा टेकत होता, तो?" त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मी तो कागद बघितला. वरती तारीख होती आणि खाली सही, मधे काही नाही.

येताना मी गिअर बदलत होतो. चिमी मागून म्हणाली, "किती मऊ पडतो हो आता." मी गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद केलं. ती उतरू शकत नव्हती, पट्टा बांधलेला होता. म्हणून तीही तशीच बसून राहिली.

तुम्ही मला हवं ते बोला. तिला मात्र काही लिहू नका, की तूही का लपवलंस. ती आधीच सगळं स्वतःवर घेते.

भाऊजी


२७ मे

प्रिय भाऊजी, आणि चिमे,

दोन्ही पत्रं समोर ठेवून बसलो आहे. दोघांना एकच पत्र लिहितो, कारण वेगळं वेगळं लिहिलं तर मी परत काहीतरी लपवेन.

ही गाडी मी आयुष्यात कधी उघडलेली नाही. माझं गॅरेज बंद झालं तेव्हा ही बाजारात आलीही नव्हती. डावं झाकण उघडा, समोर स्प्रिंग दिसेल, हे मी लिहिलं ते जुन्या गाडीचं. तिथे बेडूक निघाला तेव्हाच कळलं की मला काही माहीत नाही. तेव्हा लिहायला हवं होतं. त्याऐवजी "कंपनीने तिकडे ठेवली असणार" असं लिहिलं, जसा काही कंपनीने मला विचारूनच ठेवली होती. आणि तुम्ही त्या बाईंना दाखवायचं म्हणालात तर मी फुगलो. चाळीस वर्षं शाळेचं तोंड न बघता शिकलो, त्या शिकण्याचा माज तुम्हाला भोवला. गाडी पडली की सळई वाकते हे मला ठाऊक होतं. म्हणून तर पहिल्याच पत्रात विचारलं. पण "नाही" आलं आणि मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. माझ्या गॅरेजात कुणी "पडली नाही" म्हटलं तर मी सळई हाताने फिरवून बघायचो. इथे हात पोचत नव्हता, तर शब्दावर विसंबलो.

भाऊजी, तुमचा एक शब्द खोटा, माझी चार पत्रं खोटी. तराजूत घालत बसू नका. चिमे, तुलाही काही विचारणार नाही.

तुझं पत्र वाचून पिशवी भरली होती. दाढीचं सामान, दोन सदरे, पान्यांचा डबासुद्धा घेतला. मग तू लिहिलंस ते हॉर्नचं वाक्य परत वाचलं. मी तुमच्या दारात पोचलो तरी काय करणार होतो? पाने घेऊन बोटं सरळ होत नाहीत. पिशवी रिकामी केली.

सगळ्या पत्रांत मी तुम्हाला काही ना काही करायला सांगितलं. हे आवळा, ते उघडा. या पत्रात सांगण्यासारखं माझ्याकडे काम नाही. गाडी चालू आहे. तिला कुठे न्यायचं ते मला माहीत नाही. तुम्ही दोघं एखाद्या संध्याकाळी उगाच फिरून या, असं लिहिणार होतो, पण तेही मी सांगायचं नाही.

मातोश्रींना नमस्कार. त्यांनी मला बहिरा म्हटलं ते खरं आहे.

भाऊजी, पुढचं पत्र तुम्ही लिहू नका. पेन चिमीला द्या. चिमे, दोनच ओळी लिही. हाताचं लिही, कसा आहे ते, चांगलं काही जोडू नकोस. चार दिवस लागले तरी चालतील असं लिहायला घेतलं होतं, ते खोडलं. चालेल, चालेल म्हणतच आपण मे महिन्यापर्यंत आलो. लवकर लिही.

तुझा,
दादा